साहेबांना विचारून सांगते

प्रश्न साधा होता. व्यासपीठावर आम्ही चार बायका बसलो होतो, चौघींच्या पुढे पाण्याच्या बाटल्या, आणि त्या अभ्यासक मुलीने माइक माझ्यापुढे धरून विचारलं, "ताई, तुमचा खोक्यांचा कारखाना एका खोलीतून एवढा वाढला, आणि नुसता वाढला नाही, नफ्यात वाढला. यामागचा सगळ्यात महत्त्वाचा घटक कोणता?" मागच्या भिंतीवर घटकांची रांगच झळकत होती. भांडवल, बाजारपेठ, प्रशिक्षण, ओळखी, घरचा पाठिंबा. त्यातला एखादा उचलायचा आणि मोकळं व्हायचं. मी तर घरून 'चिकाटी' ठरवून आले होते. ती रांगेत नव्हती, पण बाईच्या तोंडी शोभते. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "साहेब." एवढंच. माझा आवाज माइकमधून फिरून माझ्याच कानावर आला. मग पहिल्या रांगेतून माझा नवरा उठला, कोटाचं बटण लावलं, मागे वळून सगळ्यांना हात केला, आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. अभ्यासक मुलगी तर विरघळलीच. "किती छान! म्हणजे घरचा पाठिंबा!" असं म्हणून तिने भिंतीवरचा शेवटचा शब्द हाताने दाखवला. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? चार लोकांत उभं राहून सांगणार होते की अगं बाई, मी म्हणाले ते साहेब हे नव्हेत, ते गेले?

माइक शेजारच्या बाईकडे सरकला. तिचा चष्म्याच्या फ्रेमांचा धंदा. ती कर्जाबद्दल बोलायला लागली, अगदी मुद्देसूद, आणि मी तिच्याकडे बघत मान हलवत राहिले, पण एक अक्षर कानात शिरेल तर शपथ. तळव्यांना डिंकाचा वास येत होता. कितीही धुवा, तो जात नाही. इतक्या वर्षांत आता तो माझाच वास झालाय. तोच वास त्या पहिल्या खोलीत होता, घराच्या मागच्या, जिथे मी जमिनीवर बसून चपलांच्या दुकानासाठी खोकी चिकटवायचे. एक दिवस दुकानवाल्याचा फोन आला. "काय वहिनी, कशा आहात?" झालं. मी काय ते समजले. एकदा वहिनी झालं की भाव तुटलाच. वहिनीने नाही म्हणायचं नसतं, वहिनीने 'अहो काय हो भावजी' म्हणून हसायचं असतं आणि नुकसान सोसायचं असतं. त्याला खोक्यामागे भाव कमी करून हवा होता, आणि तेवढा कमी केला तर पुठ्ठ्याचेसुद्धा पैसे सुटत नव्हते. माझ्या जिभेवर 'नाही' आलं आणि तिथेच अडलं, कारण मला पुढचं सगळं ऐकू येत होतं: अहो वहिनी, असं काय करता, आपण काय परके आहोत का. आणि कुठून सुचलं देव जाणे, मी म्हणाले, "थांबा हं, साहेबांना विचारून सांगते." फोनवर हात ठेवला. खोलीत मी, डिंकाची बादली आणि वाळत घातलेली खोकी. मी थोडा वेळ भिंतीकडे बघितलं. मग हात काढला आणि म्हणाले, "साहेब नाही म्हणतात." मग तो म्हणतो कसा, "बरं बरं. साहेब म्हणतात तर राहू द्या." मी फोन ठेवला आणि तिथेच बसकण मारली. म्हणजे इतकं सोपं होतं? मग एवढी वर्षं आम्ही बायका कशासाठी घसा कोरडा करत होतो?

तर लिहून घ्या म्हणावं त्या मुलीला. घटक हा होता. भिंतीवर नाही, कुठल्या प्रशिक्षणात शिकवणार नाहीत, पण हाच होता. माझे साहेब फार कडक होते. मूळचे तापट, त्यात उधारीचं नाव काढलं की भडकायचे. पातळ पुठ्ठा त्यांना खपायचा नाही. "मी काय, मी दिलं असतं हो, पण साहेब ऐकत नाहीत," असं मी म्हणायचे, आणि मोठमोठे बाप्ये पलीकडे हळहळायचे, माझी कीव करायचे आणि मी सांगेन तो भाव मुकाट देऊन जायचे. कारखाना खोलीतून गाळ्यात आला, एका गाळ्याचे दोन झाले. दुसऱ्या गाळ्यात मी काचेची केबिन केली आणि जुन्या बाजारातून उंच पाठीची एक खुर्ची आणली, तिच्यावर नवऱ्याचा जुना कोट अडकवला. मावशीने, म्हणजे आमच्या डिंकाच्या टेबलावरच्या सगळ्यात जुन्या बाईने, कुठूनशी एक राखदाणी पैदा केली. म्हणाली, "ताई, साहेब काय नुसतेच बसतात होय?" सिगारेट कोण ओढायचं ते मी विचारलं नाही, पण राखदाणी कधी रिकामी नसायची. कुणी गाठ घ्यायला आलाच तर टेबलावरची कुणीतरी मान वर न करता सांगायची, "साहेब बाहेरगावी गेलेत," आणि बाकीच्या ओठ दाबून खोक्यांच्या कडा दुमडत राहायच्या. तो गेला की जे हसू फुटायचं! "आज साहेबांचा मूड बरा नव्हता बाई." "रात्री बायकोशी भांडले असतील." "त्यांना कसली बायको? असल्या खवीसाला कोण करील?" मी केबिनमधून ओरडायचे, "कामं करा गं, साहेब बघतायत!" आणि पुन्हा हसणं. मला वाटतं, एवढ्या वर्षांत खरी सुखी मी त्याच दिवसांत होते. आता 'होते' म्हणावं लागतं, आणि इथे व्यासपीठावर रडायचीही सोय नाही.

शेजारच्या बाईने बोलणं संपवलं, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. नवरा पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघून हसला. बिचारा. असा नवरा मिळायला नशीब लागतं असं बायका म्हणतात आणि ते खरंच आहे, हीच तर पंचाईत. कधी माझ्यावर हात उचलला नाही की आवाज चढवला नाही. विम्याच्या कचेरीत होता तेव्हा संध्याकाळी घरी आला की बूट काढता काढता विचारायचा, "काय, काय म्हणतात तुझे साहेब?" आणि मी दिवसभराचं सांगायचे, आणि तो पोट धरून हसायचा. "भारी माणूस दिसतोय. मला जरा त्याची भीतीच वाटते," म्हणायचा. मग त्याची कचेरी बंद झाली. वरून हुकूम आला आणि सगळ्यांना घरी बसवलं. तो खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागला. सकाळी मी निघताना तो तिथे, संध्याकाळी मी येताना तो तिथेच, कपातला चहा अर्धा आणि वर साय धरलेली. दाढी दोन-दोन दिवस करायचा नाही. आमच्या मुलीचा फोन आला की म्हणायचा, "मी? मी मजेत," आणि फोन माझ्याकडे द्यायचा. साहेबांबद्दल विचारायचंही त्याने सोडलं. माझ्या जिवाला ते लागून राहिलं होतं, नाही असं नाही. पण कामाच्या रगाड्यात मी काय करू शकत होते? आणि नेमका त्याच वेळी बल्बवाला आला.

बल्बवाला म्हणजे बल्बच्या फॅक्टरीचा मालक. आमच्या आतापर्यंतच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एका बाजूला ठेवलं तरी भारी पडेल एवढी त्याची मागणी. बल्बचं खोकं सोपं नसतं. आत पुठ्ठ्याची जाळी लागते, जाळीचं घर जरा सैल झालं की काच गेली, आणि आमच्या टेबलाचं काम त्याला मनापासून पटलं होतं. पण गडी म्हणाला, "बाई, सगळं ठीक आहे, पण एवढा व्यवहार मी साहेबांशी समोरासमोर बसल्याशिवाय करणार नाही." मी साहेबांना बाहेरगावी पाठवलं. तो थांबायला तयार. आजारी पाडलं. तो फळं घेऊन भेटायला यायला तयार! मी कपाळाला हात लावला. तेव्हाच खरं तर सांगून टाकायला हवं होतं, साहेब मीच आहे, काय बोलायचं ते माझ्याशी बोल. सांगितलं असतं तर काय झालं असतं? मागणी गेली असती. फार तर तेवढंच झालं असतं. पण तेव्हा ती मागणी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि घरी खिडकीपाशी एक माणूस रिकामा बसलेला होता, आणि कोट त्याचाच होता. मी त्याला म्हणाले, "अहो, एक तासभर याल का? नुसतं खुर्चीत बसायचं. बोलायचं काही नाही. कपाळाला आठी ठेवा म्हणजे झालं." त्याने किती दिवसांनी तोंडावर हात फिरवला आणि म्हणाला, "दाढी करावी लागेल."

साहेब गेले ते त्या दिवशी. मला तो क्षण दाखवता येईल. नवऱ्याने खुर्चीवरचा कोट उचलला आणि अंगात घातला. खुर्चीवर तो कोट जेवढा भरलेला दिसायचा तेवढा त्याच्या अंगावर दिसेना. बल्बवाला आत आला, म्हणाला, "अहो, फार ऐकून आहे तुमच्याबद्दल!" आणि नवऱ्याच्या कपाळावरची आठी पुसली गेली ती कायमची. तो हसला. माझे साहेब कधी हसले नव्हते. बल्बवाल्याने पैसे थोडे उशिरा देण्याचं विचारलं, नवऱ्याने मान हलवली, हो. वाहतूक तुमच्याकडे? हो. मी केबिनच्या काचेला टेकून उभी होते, चहाचा ट्रे हातात, आणि दोघांच्या मध्ये माझा शब्द घालायला जागाच नव्हती. मी तिथे चहा आणणारी बाई होते. मागणी मिळाली. टेबलावरच्या बायकांना मी पेढ्याऐवजी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर न्हाणीघरात दिवा. नवरा आरशापुढे गुणगुणत दाढी करत होता. हनुवटीला कापलं होतं, त्यावर कागदाचा कपटा चिकटवलेला. "लवकर निघू या ना?" म्हणाला. आता सांगा, त्या माणसाला मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते की तुमचं काम कालच संपलं, तुम्ही खिडकीपाशी बसा? मी मूग गिळून गप्प बसले. त्याच्या डब्यात एक पोळी जास्त ठेवली.

मग एकेक होत गेलं. फोन तो घ्यायला लागला. बँकेत कागद करताना दोघांपैकी कोणाचीही सही चालेल असं ठरलं, ते मीच सुचवलं, सोयीचं म्हणून. चपलांचा दुकानवाला आता वहिनी म्हणेनासा झाला, कारण तो माझ्याशी बोलेनासाच झाला. नवऱ्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही. समोरच्याचं तोंड पडलेलं त्याला बघवत नाही, तो माणूसच तसा आहे, म्हणून तर मी त्याच्याशी सुखाने संसार केला. साहेबांना मात्र बघवायचं. ते खवीस, तापट, चिक्कू साहेब, ते मीच होते हो! माझ्यातलं जेवढं कठीण, जेवढं हिशेबी, जेवढं कुणाच्या बापाला न भिणारं होतं तेवढं सगळं मी त्या खुर्चीत नेऊन ठेवलं होतं, आणि तिच्यावर माझ्या हाताने दुसऱ्याला बसवलं. आता ते परत घ्यायला जाते तर सापडत नाही. घरी एकदा म्हणून बघितलं, "भाव पाडू नका, परवडत नाही." तो म्हणाला, "अगं, तू फार टोकाचं बोलतेस. माणसं जोडावी लागतात." मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबांना किती दिवसांनी बरं वाटतंय, तू त्यातही खोट काढणार का?" बाहेर कुणाजवळ बोलावं, तर ज्याच्या नावाने रडायचं तो माणूस झालाच नव्हता. त्याचं सुतक कोण पाळणार?

कार्यक्रम संपला. चहाच्या वेळी दोन-तीन अनोळखी बायका माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "भाग्यवान आहात." कोपऱ्यात नवरा आणि बल्बवाला बशा हातात घेऊन खळखळून हसत होते. बल्बवाला इथे कशाला आला होता, ते गाडीत बसल्यावर कळलं. नवरा गाडी चालवत होता, खुशीत होता, टाळ्या अजून अंगावरून उतरल्या नव्हत्या. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "दोन वर्षांचं पक्कं करून टाकलं बरं का. भाव थोडा खाली घ्यावा लागला."

"किती खाली?"

त्याने सांगितलं. मी मनात हिशेब मांडला. "एवढ्यात पातळ पुठ्ठासुद्धा बसत नाही."

"पातळच घ्यायचा. आणि चिकटवायचं मशीन आणायचं, त्यांच्याच ओळखीचा माणूस आहे. डिंकाच्या टेबलाचा खर्च वाचतो की."

"आणि टेबलावरच्या बायका?"

"काहीतरी बघू. मी बोलतो त्यांच्याशी, समजावून."

"अहो, पातळ पुठ्ठ्याच्या जाळीत बल्ब फुटतात. त्यांचा माल फुटला की तेच आपल्या नावाने बोंब मारतील. दोन वर्षांत कारखाना बसेल. सही करू नका, पाया पडते तुमच्या."

"झाली गं सही. चहाच्या वेळीच केली." सिग्नल सुटला. मग तो अगदी मायेने म्हणाला, "तू काळजी करायची सोड आता. मी आहे ना." आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. फुटपाथवर कुणीतरी एक रिकामं खोकं पायाने दाबून सपाट करत होतं, आणि मला ते आपलंच आहे का बघायचं होतं, पण गाडी पुढे गेली.

गाळ्यात शिरले तर टेबलावर कुजबूज. बातमी आमच्या आधी पोचली होती. मावशीने डिंकाचा ब्रश बादलीच्या काठावर निथळत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी केबिनमध्ये गेले. नवरा उंच पाठीच्या खुर्चीत बसला, मी बाजूच्या स्टुलावर. फोन वाजला तेव्हा तो पेनाचं टोपण शोधत होता, म्हणून मी उचलला. पलीकडे कुणी तरुण मुलगी होती. मेणबत्त्या बनवते म्हणाली, नवीनच आहे, छोटी खोकी हवीत. मापं तिने चोख सांगितली. मी भाव सांगितला. ती घुटमळली. "जरा जास्त होतोय," म्हणाली. "थांबा हं, आमच्या साहेबांना विचारून सांगते." आणि फोनवर हात पडल्याचा मऊ आवाज आला.

मी ऐकत राहिले. तिचा हात नीट बसला नव्हता. कुठे खुर्ची सरकली नाही, पावलं वाजली नाहीत, कुणी कुणाला हाक मारली नाही. लांब कुठेतरी नळ गळत होता, आणि जवळ, अगदी जवळ, तिचा श्वास. ती भिंतीकडे बघत होती. मला ती भिंत दिसत होती. मग हात निघाला आणि तिचा आवाज जरा जाड होऊन आला, "साहेब म्हणतात, एवढ्याला परवडत नाही. कमी होत असेल तर बघा, नाहीतर राहू द्या." मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत टचकन पाणी आलं. शाब्बास गं पोरी. मला तिला सांगायचं होतं: त्याला जप. त्याला खुर्ची घेऊ नकोस, कोट तर मुळीच अडकवू नकोस, आणि कुणी कितीही मोठी मागणी घेऊन आला तरी भेटायला देऊ नकोस. पण नवरा समोर बसला होता. "काय म्हणतायत?" त्याने विचारलं, आणि मी काही सांगायच्या आत हात पुढे केला. मी रिसीव्हर दिला. एवढी सवय झाली आहे.

"हॅलो, मी साहेब बोलतोय," तो प्रेमाने म्हणाला. थोडा वेळ ऐकलं. "अस्सं. मग तुमच्या साहेबांनाच द्या ना फोन. आम्ही दोघं काय ते मिटवून टाकतो. तुम्ही बायकांनी कशाला मध्ये त्रास करून घ्यायचा?" आणि हसत वाट बघत बसला. पलीकडून काही येईना. त्याने रिसीव्हरवर हात ठेवला. "काही बोलतच नाही गं ती."

"त्यांचे साहेब बाहेरगावी गेले असतील," मी म्हणाले. फोनमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

त्याने पुन्हा कानाला लावला, आणि त्याचा चेहरा उजळला. "हो का? बरं, बरं. आले की करायला सांगा." फोन ठेवून तो माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाला, "बरोबर ओळखलंस की! बाहेरगावीच आहेत. कधी येणार ते विचारायला हवं होतं."

"येऊच नयेत," मी म्हणाले. तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे.

दारात मावशी येऊन उभी राहिली होती. तिने हात धुतले होते. "ताई," ती म्हणाली, "टेबल हलवायचं म्हणतायत. खरं का? आम्ही उद्या यायचं का नाही?"

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेबांना विचार."

ती हसली नाही. माझ्यापुढून आत गेली आणि तिने त्याला विचारलं.